महिन्याचा पहिला रविवार: चाळीत बीपीची वही कशी सुरू करावी

आमच्या दुसऱ्या माळ्यावर कोपऱ्याच्या खोलीतले भाऊ गेले, ती रात्र मला तासातासाने पाठ आहे. वहिनींनी ती नंतर इतक्यांदा सांगितली. रात्री अकराला, जेवणानंतर, छातीत जड वाटायला लागलं. गॅस धरलाय म्हणून ओवा-काळं मीठ घेतलं. बाराला सोडा प्यायले. एकच्या सुमाराला घाम फुटला, बनियन ओलं झालं म्हणून बदललं. वहिनी म्हणाल्या, सिस्टरना हाक मारू का? भाऊ म्हणाले, एवढ्या रात्री कशाला कुणाची झोपमोड, सकाळी बघू. पहाटे पाचला पाणी भरायला उठलेल्या बायकांनी माझं दार वाजवलं, तेव्हा माझ्या हाताला त्यांची नाडी लागली नाही. वय ५२.

मी महापालिकेच्या रुग्णालयात ३२ वर्षं स्टाफ नर्स होते, त्यातली शेवटची ९ हृदयाच्या वॉर्डात. किती कार्डिओग्राम काढले त्याची मोजदाद नाही. माझी खोली भाऊंच्या खोलीपासून चार दारं पलीकडे. ज्या परळमध्ये, केईएम रुग्णालयात, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ साली, म्हणजे जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, हृदय प्रत्यारोपण करून दाखवलं, तो परळ आमच्या लालबागच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. एवढं सगळं जवळ असून भाऊंना जे कळायला हवं होतं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

त्यानंतर मी आमच्या चाळीत जे सुरू केलं ते आता सहा वर्षं चालू आहे. चाळ, सोसायटी, वस्ती, कुठेही करता येईल असं आहे. ते कसं करायचं ते सांगते, आणि आमचं कुठे चुकलं तेही.

व्याख्यानाने सुरुवात करू नका

आम्ही ती केली होती. मंडळाचा हॉल घेतला, प्रोजेक्टर लावला, ओळखीच्या डॉक्टरांना बोलावलं. ते मनापासून बोलले. रक्तवाहिनीत चरबी कशी साठते, गुठळी कशी होते, सगळं चित्रांसकट. हॉल भरला होता. शेवटी आम्ही सगळ्यांना बटाटेवडा आणि चहा दिला. हृदयाच्या कार्यक्रमाला तळलेला वडा द्यायचा हे आमच्यापैकी एकालाही खटकलं नाही.

महिन्याने मी गॅलरीत एका आजींना विचारलं, डॉक्टर काय म्हणाले आठवतं का? त्या म्हणाल्या, फार छान बोलले. काय बोलले? नळ्या दाखवल्या.

दोष डॉक्टरांचा नाही आणि आजींचाही नाही. दुसऱ्याच्या रक्ताच्या नळ्या माणसाच्या लक्षात राहत नाहीत. स्वतःचा आकडा राहतो. म्हणून आम्ही भाषण बंद केलं आणि मशीन आणलं. आता जे काही सांगायचं ते मशीनचा पट्टा दंडाला बांधलेला असताना, त्या एका माणसाला, त्याच्याच आकड्यावरून सांगायचं.

दिवस, जागा, माणसं

महिन्याचा पहिला रविवार, सकाळी साडेसात ते दहा. पाणी भरून झालेलं असतं आणि मासळी-मटणासाठी बाजाराला जायची वेळ व्हायची असते. जागा पहिल्या माळ्यावर जिन्याच्या तोंडाशी, कारण वर-खाली जाणारा प्रत्येकजण तिथूनच जातो. सोसायटी असेल तर लिफ्टच्या पॅसेजमध्ये बसा, क्लब हाऊसमध्ये नको. क्लब हाऊसला मुद्दाम जावं लागतं, आणि ज्यांना यायला हवं ते मुद्दाम येत नाहीत.

दिवस बदलू नका. लग्न असो, मॅच असो, सण असो, पहिला रविवार म्हणजे पहिला रविवार. पहिल्या वर्षी आम्ही दोनदा तारीख पुढे ढकलली आणि दोन्ही वेळा निम्मी माणसं गळाली. ती परत यायला चार महिने लागले.

नवी संस्था काढायच्या फंदात पडू नका. जे आधीच जमतात त्यांच्यात शिरा. गणपतीचं मंडळ, भजनी मंडळ, बचत गट, क्रिकेट खेळणारी पोरं. मंडळाच्या सेक्रेटरींना आधी भेटा, त्यांचं बीपी सगळ्यात आधी बघा. आमच्याकडे चारजण बसतात. एक मी. एक बारावी सायन्स झालेली मुलगी, सुरुवातीला वही ती लिहायची. एक काकू, ज्यांना घराघरातली नाती माहीत आहेत. आणि मंडळाचा एक कार्यकर्ता. हा चौथा माणूस फार महत्त्वाचा. नुसत्या बायका बसलेल्या असल्या की पुरुष "नंतर येतो" म्हणून खाली उतरतात. मंडळाचा माणूस खुर्चीत बसून "ये रे, हात दे" म्हणाला की मुकाट्याने बाही वर करतात.

तिशीच्या पोरांनाही बसवा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्या देशांत ५९च्या आसपास. भाऊ ५२चे होते. ज्याला आपण म्हातारपणाचं दुखणं समजतो ते आपल्याकडे कमावत्या वयात येतं.

सामान थोडं लागतं. दंडाला बांधायची दोन डिजिटल मशीनं, मनगटावरचं घेऊ नका. एक मोठ्या मापाचा पट्टा वेगळा घ्या, कारण जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा उगाच जास्त येतो. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी ताडून बघा. शिंप्याची टेप आणा. पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांचा ८० च्या वर गेला की सांभाळायला हवं, वजन कितीही असो. आणि २०० पानी वही.

डॉक्टर रोज लागत नाहीत, पण पाठीशी एक हवेच. तुम्ही कुणाला पाठवलंत तर ते बघतील का, हे सुरू करण्याआधी विचारून ठेवा. महापालिकेचा दवाखाना, "आपला दवाखाना", रुग्णालयाची ओपीडी, जे जवळ असेल तिथल्या वेळा स्वतः जाऊन लिहून आणा आणि मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. आपला दवाखाना संध्याकाळीही उघडा असतो, त्यामुळे कामावरून येणाऱ्यांना तो बरा पडतो.

बीपी बघताना

हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ठिकठिकाणच्या शिबिरांत मी जे बघते त्याने जीव तुटतो. माणूस जिना चढून येतो, उभ्या-उभ्या हात पुढे करतो, शर्टाच्या बाहीवरच पट्टा, शेजारी गप्पा चालू, आणि आकडा लिहून मोकळे. त्या आकड्याला काही अर्थ नसतो.

आमच्याकडे भिंतीला टेकून तीन खुर्च्या आहेत. त्या थांबायच्या खुर्च्या. आलेल्या माणसाने तिथे पाच मिनिटं बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. आणि बोलायचं नाही. चाळीत सगळ्यात अवघड हेच. पाच मिनिटं गप्प बसायचं म्हणजे लोकांना शिक्षा वाटते. पण बोलण्यानेही आकडा चढतो, म्हणून आमच्या काकू ओठांवर बोट ठेवून समोर उभ्या राहतात.

त्याआधी विचारायचं: अर्ध्या तासात चहा झाला का, तंबाखू खाल्लीत का, मिश्री लावलीत का? झाली असेल तर, बाजार करून या, मग बघू. लघवीला जाऊन या, हेही सांगायचं. लघवी तुंबलेली असली की बीपी जास्त दिसतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

मग दंड उघडा. शर्टाची बाही वर सारली आणि ती दंडाला करकचून बसली तर उपयोग नाही, हात बाहेरच काढायचा. बायकांच्या ब्लाउजची बाही घट्ट असते, म्हणून आम्ही गॅलरीच्या एका बाजूला जुनी साडी बांधून आडोसा केला आहे. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. पट्टा आणि कातडी यांत दोन बोटं जातील इतकाच सैल. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात मांडीवर लोंबकळत ठेवला की आकडा खोटा वाढतो. एक रीडिंग, एक मिनिट थांबून दुसरं, दोन्ही वहीत. पहिल्यांदा आलेल्याचे दोन्ही हात बघा आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम धरा.

तिसऱ्या माळ्यावरच्या एक आजी एकदा घाईत आल्या, खालून दूध घेऊन, धापा टाकत. बघच गं लवकर, म्हणाल्या. वही लिहिणाऱ्या मुलीने बघितलं: १६८/९४. आजींचा चेहरा पडला. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पिशवी बाजूला ठेवली, पाच मिनिटं नुसतं बसून राहिलो. पुन्हा बघितलं: १४६/८८. हात तोच, मशीन तेच. १४६ म्हणजेही दवाखान्यात जायलाच हवं, पण १६८ ऐकून त्या रात्रभर झोपल्या नसत्या.

आकडा आल्यावर काय सांगायचं हे चौघांनीही सारखंच सांगायला हवं. १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम, पुढच्या महिन्यात या. वरचा आकडा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असेल तर मिठाकडे आणि चालण्याकडे लक्ष द्या, दर महिन्याला या. वरचा १४० किंवा खालचा ९० किंवा त्याहून जास्त, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितल्यावरही तसंच, तर चिठ्ठी घेऊन दवाखान्यात. १८०/१२० च्या पुढे असेल तर पाच मिनिटांनी पुन्हा बघा. तरीही तसंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ जड होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांतलं काहीही असेल तर चिठ्ठी-बिठ्ठी नाही, थेट १०८.

"तुम्हाला बीपी आहे" हे आपण कधीच म्हणायचं नाही. ते डॉक्टर म्हणतील. गोळी सुरू करा, बंद करा, अर्धी करा, हेही आपल्या तोंडून निघता कामा नये. मी नर्स होते, तरी मी म्हणत नाही.

आणि आकडा मोठ्याने वाचू नका. ही चूक आमच्याकडून झाली. एका मुलीचं लग्न ठरत होतं. तिचा आकडा १४२ आला आणि आमच्या कार्यकर्त्याने चांगल्या मनाने, पण सगळ्यांसमोर म्हटलं, अगं एवढ्या वयात एवढं? संध्याकाळपर्यंत ते चार माळे फिरलं. तिची आई वर्षभर आमच्यासमोरून मान फिरवून जात होती आणि तिचं बरोबर होतं. त्या दिवसापासून आकडा चिठ्ठीवर लिहून हातात देतो. वही कपाटात कुलपात असते.

चिठ्ठी दिली की काम झालं असं वाटतं, पण ते तिथून सुरू होतं. पुढच्या पहिल्या रविवारी पहिला प्रश्न: गेलात का? नसतील गेले तर का? एकांची सुट्टी जात होती. एकांना वाटत होतं केस पेपर काढला की पुढे खर्चच खर्च. एक ताई सासूला विचारायला घाबरत होत्या. काकू त्यांच्याबरोबर स्वतः गेल्या. याला कुठलंही पत्रक पुरत नाही.

मीठ मोजायची युक्ती

मीठ कमी खा, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि "आम्ही कमीच खातो" हे उत्तर तयार असतं. वाद घालू नका. मिठाची नवी पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा, एवढंच सांगा.

हिशोब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात सगळं आलं. चार माणसांच्या घराला दिवसाला २० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पिशवी ५० दिवस पुरायला हवी, तीही बाहेरचं आणि पापड-लोणचं काहीच खाल्लं नाही असं धरून. आमच्या घरांत ती महिन्याच्या आतच संपत होती. ज्या बायकांनी स्वतःच्या हाताने तारीख लिहिली होती त्यांनीच मला येऊन सांगितलं, सिस्टर, सत्तावीस दिवसांत संपली हो. त्या क्षणी आपण काही बोलायची गरज उरत नाही. मासे धुवायला, भांडी घासायला लागतं ते वेगळ्या बरणीत काढायला सांगा, म्हणजे हिशोब चुकत नाही.

कमी कुठून करायचं? आधी पिठातलं. चपातीची कणीक आणि भाकरीचं पीठ मिठाशिवाय मळा, चार दिवसांत घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. मग भातातलं. भाजी-आमटीला शेवटी हात लावा, आणि तोही एकदम नाही, दर आठवड्याला चिमूटभर. जिभेला काही आठवडे लागतात, मग जुनं खारट लागायला लागतं. ताटातली मिठाची वाटी उचला.

लपलेलं मीठ शोधायला आम्ही एकदा सगळ्यांना घरातून वस्तू आणायला सांगितलं. टेबलावर सुकट, खारवलेले बोंबील, पापड, लोणचं, चिवड्याची पुडी, खारी, नूडल्सची मसाल्याची पुडी आणि पाव. पावात मीठ असतं हे कुणाला खरंच वाटेना. पाकिटामागे सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. आठवीतल्या पोरांनी तिथेच मोबाइलवर गुणाकार करून आपल्या आयांना वाचून दाखवले. आयांनी नवऱ्याचं ऐकलं नसतं, सिस्टरचं ऐकलं नसतं, पोरांचं ऐकलं.

सैंधवाबद्दल हमखास विचारतील. सैंधव, काळं मीठ, समुद्री मीठ, सगळ्यांत मुख्यतः तेच सोडियम. उपासाला चालतं म्हणून ते बीपीला चालतं असं नाही. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते घातक ठरू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मे महिना सोडू नका. आमच्या गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत पडतात, मिरची गल्लीतून मिरच्या येतात, मसाला कांडून येतो. वर्षभराचं मीठ त्या पंधरा दिवसांत ठरतं. मी गच्चीवर जाऊन पापड लाटायला बसते. पापडखारातही सोडियमच असतं, हे लाटता लाटता सांगता येतं, हॉलमध्ये नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बचत गटाने वाण म्हणून ५ ग्रॅम मापाचा चमचा वाटला. प्लास्टिकच्या डब्याऐवजी तो चमचा आज पन्नासेक घरांत मिठाच्या बरणीत आहे.

एक जपा. लोकांच्या खाण्याला नावं ठेवू नका. आमचा ताजा बांगडा, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, माठ-चवळईची भाजी, हे सगळं हृदयाला चांगलंच आहे. आधी त्याचं कौतुक करा, मग सुकटीबद्दल बोला. तेलाचं एक माप सांगा: माणशी महिन्याला अर्धा लिटर. तळून काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा कढईत नको. चालण्याचं तर आठवड्याला दीडशे मिनिटं. करी रोड किंवा चिंचपोकळी स्टेशनवरून शेअर टॅक्सी न करता घरी चालत आलात तरी त्यातलं बरंचसं भरून निघतं.

तंबाखू, गोळ्या आणि गाव

तंबाखूबद्दल चारचौघांत विचारू नका. बायका मिश्री लावतात आणि ती तंबाखू आहे हे कबूल करत नाहीत, दात घासायची पूड म्हणतात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी खिशातून पुडी निघते. ज्याला सोडायची आहे त्याला १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर तिथल्या तिथे त्याच्याच फोनवरून लावून द्या. सिगारेट-बिडी सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, हे त्याला आवर्जून सांगा. "आता काय उपयोग, तीस वर्षं ओढतोय" असं म्हणणाऱ्याला हेच ऐकायचं असतं.

आता गोळ्या. बरं वाटलं की गोळी बंद, हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा रोग. गोळीमुळेच बरं वाटतंय, हे पटवायला वही कामाला येते. मागचे आकडे उघडून दाखवायचे: हे बघा गोळी चालू असताना, हे बघा बंद केल्यावर.

आणि गाव. आमची अर्धी चाळ कोकणातली. गणपती आणि शिमगा आला की एसटीच्या तिकिटापासून मोदकाच्या साच्यापर्यंत सगळं आठवणीने बांधलं जातं, गोळ्या सोडून. पहिल्या वर्षी गणपतीनंतरच्या रविवारी एक काका आले, १९२/११०. वीस दिवस गावाला, गोळी एकही नाही. पुरवठा संपला होता आणि तालुक्याला कोण जाणार? तेव्हापासून गणपतीच्या आधीच्या रविवारी आम्ही बीपी बघण्याआधी एकच विचारतो: किती दिवसांच्या गोळ्या आहेत? कमी असतील तर त्याच आठवड्यात दवाखान्यातून महिन्याच्या घेऊन याव्या लागतात. मग त्या मोठ्या सामानात नाही, पैशांच्या पाकिटाजवळ ठेवायच्या. गोळीचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये.

श्रावणात आणि नवरात्रात दुसरी अडचण. उपास आहे म्हणून गोळी घेतली नाही. आमच्या भजनी मंडळातल्या एका बुवांनी एकदा भजनाच्या आधी उभं राहून सांगितलं, औषधाने उपास मोडत नाही. माझ्या इतक्या दिवसांच्या सांगण्यापेक्षा त्या एका वाक्याचं काम जास्त झालं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर मात्र उपासाआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, साखर एकदम उतरते.

रात्रीची तालीम

वर्षातून दोनदा आम्ही तालीम करतो, १७ मेच्या उच्च रक्तदाब दिनाच्या आणि २९ सप्टेंबरच्या हृदय दिनाच्या जवळच्या रविवारी. हा भाग गाळू नका, बाकी काही गाळलंत तरी चालेल.

आधी लक्षणं. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं, आवळल्यासारखं. ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत, कधी पोटाच्या वरच्या भागात जातं. दरदरून घाम, मळमळ, दम. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधीकधी छातीत फारसं दुखतही नाही, नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं, ॲसिडिटी वाटते. गॅस आहे की ॲटॅक, हे घरात बसून मलाही सांगता येत नाही. कार्डिओग्रामच सांगतो. म्हणून आमच्या चाळीचा नियम असा: छातीत जड आणि सोबत घाम किंवा दम, तर ओवा नाही, सोडा नाही, शेजारचं दार वाजवायचं आणि १०८ लावायचा. हृदयाची नळी बंद असते तितका वेळ स्नायू मरत राहतो. ती पहिल्या तासात उघडली तर जे वाचतं ते सहा तासांनी वाचत नाही.

प्रत्येक घराच्या दारामागे एक कागद आहे. त्यावर १०८, दोन शेजाऱ्यांचे नंबर, आणि रात्री ॲन्जिओप्लास्टीची, म्हणजे हृदयाची बंद नळी उघडायची, सोय असलेलं रुग्णालय. हे आधी चौकशी करून लिहायचं. जवळ आहे म्हणून लहान नर्सिंग होममध्ये नेलं, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे, यात किती रात्री वाया गेलेल्या मी पाहिल्यात. कागदाखाली खिळ्याला प्लास्टिकची पिशवी. त्यात जुने रिपोर्ट, गोळ्यांची यादी, आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागतात आणि रात्री दोनला कपाटात सापडत नाहीत.

मग जिना. आमचा जिना लाकडी, अरुंद, वळणावर स्ट्रेचर अडकतं. पेशंटला चालत उतरवायचं नाही, एक पायरीसुद्धा. हाताची भक्कम खुर्ची, पुढे एक, मागे एक, आणि वळणावर धरायला तिसरा. पोरांनी मला बसवून तिसऱ्या माळ्यावरून उतरवलं, पहिल्यांदा पावणेसात मिनिटं लागली. आता तीनच्या आत उतरवतात. तालमीत कळलं की गेटसमोर लावलेल्या बाइकमुळे ॲम्ब्युलन्स आत येऊच शकत नव्हती. तिथे आता पिवळा पट्टा मारला आहे आणि मंडळाची पोरंच तिथे कुणाला गाडी लावू देत नाहीत.

शेवटी छाती दाबणं. माणूस कोसळला, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही किंवा नुसते आचके देतोय, तर १०८ लावायचा आणि लगेच दाबायला सुरुवात. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर तळहाताची टाच, दुसरा हात वर, कोपर सरळ. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेला माणूस खोल दाबत नाही आणि ते त्याला कळत नाही. शिकवायला प्रशिक्षित माणूस आणि रबरी पुतळा मिळवा. मधल्या महिन्यांत गादीच्या घट्ट वळकटीवर सराव चालतो. आमच्या पथकातला ताशा वाजवणारा मुलगा ११०चा ठेका धरतो आणि सगळे त्यावर दाबतात. त्याच्याइतका नेमका ठेका मला ३२ वर्षांत धरता आला नाही.

मागच्या पावसाळ्यात रात्री पाऊण वाजता माझं दार वाजलं. पहिल्या माळ्यावरचे एक गृहस्थ, बायको बरोबर, दोघंही भिजलेल्या चेहऱ्याने. छातीत जळजळ, घाम. १०८ त्यांनी आधीच लावला होता. खुर्ची आली, गेट मोकळं होतं. कार्डिओग्राम दोनदा काढला, रक्त तपासलं, सकाळपर्यंत ठेवून घेतलं. हृदय चांगलं होतं, खरोखरच पित्त होतं. दुपारी ते घरी आले आणि माझ्याकडे येऊन हात जोडले, सिस्टर, उगाच सगळ्यांची झोपमोड केली. मी त्यांना बसवलं आणि म्हटलं, पुन्हा तसं झालं तर पुन्हा असंच दार वाजवायचं, दहा वेळा झालं तर दहा वेळा.

पुढच्या रविवारी ते थांबायच्या खुर्चीत येऊन बसले. बारावीची मुलगी आता कॉलेजला जाते, म्हणून वही कोपऱ्याच्या खोलीतल्या वहिनी लिहितात. त्यांनी पान उघडलं, तारीख घातली आणि आकडा लिहिला, १३४/८४.